कमलताईच्या दाराची कडी

कमलताईच्या दाराला बाहेरून कडी मी लावली होती. ती आत होती. जिवंत.

आज सकाळी कमलताई गेली. सुरतच्या आमच्या जुन्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. "खूप प्रेमळ होती", "देव तिच्या आत्म्याला शांती देवो". त्यातले निम्मे लोक त्या दिवशी ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसले होते.

म्हणून लिहितेय.

पर्वत पाटियाच्या अलीकडे लाकडाची वखार होती. डांगातून सागाचे ओंडके यायचे, दिवसभर आऱ्याचं मशीन किंचाळायचं. वखारीच्या भिंतीला लागून आमची चाळ. बारा खोल्या, सगळे धुळे-नंदुरबारकडचे. कपड्यांत भुसा, भाकरीत भुसा.

मी लग्न होऊन आले त्र्याण्णवला. स्टोव्हशिवाय काही माहीत नव्हतं. भुशाच्या शेगडीसाठी डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा कसा ठासायचा, मग बाटली अलगद कशी काढायची, हे कमलताईने शिकवलं. ती वखारीत फळ्या वाहायची. मानेवर बैलासारखा घट्टा पडला होता.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पडलं. सासूबाई म्हणाल्या, "पायगुणच तसा." कमलताई ड्यूटी बुडवून तीन दिवस माझ्या उशाशी बसली. माझे रक्ताचे कपडे तिने धुतले.

त्यानंतर चारच महिन्यांनी प्लेग आला.

सगळी सुरत पळत सुटली. मेडिकलमध्ये कॅप्सूल मिळेना. तोंडाला रुमाल बांधून माणसं स्टेशनकडे धावत होती. वखार बंद पडली. मालकाचा एक रिकामा ट्रक नवापूरकडे निघणार होता, ड्रायव्हर म्हणाला, "जेने आववुं होय ते बेसी जाव."

आणि नेमका कमलताईला दोन दिवसांपासून ताप.

तिचा नवरा भीमराव गाठोडं बांधून बाहेर उभा होता. सहा वर्षांची संगीता त्याच्या कडेवर. "आई?" म्हणून ती विचारत होती. तो म्हणाला, "मांगून येई."

आतून कमलताईचा आवाज आला. "थांबा, मी उठस. माले साधा ताप शे."

कुणी हललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "ती मांगे उनी त सगळा मरतीन. कडी लावा."

भीमरावाने मान फिरवली. पुरुष ट्रककडे बघायला लागले. त्या दाराजवळ जायला कुणीच तयार नव्हतं. सासूबाईंनी माझ्या पाठीला हात लावून मला पुढे ढकललं. सगळ्यांत नवी मीच होते. मेले असते तर दुसरी आणता आली असती.

मी गेले. श्वास रोखून कडी घातली.

"कोण शे? दार उघाड व, माले तहान लागनी."

मी धावत जाऊन ट्रकमध्ये बसले. भर दुपार होती. ट्रक वळेपर्यंत दारावरची थाप ऐकू येत होती. संगीता रडायला लागली तेव्हा बायकांनी तिला चिवडा दिला.

गावात भीमरावाने सांगितलं, कमल गेली. कुणी खोडून काढलं नाही. दहावं झालं. मीही जेवले.

इकडे सुरतेत, आम्ही निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी वखारीच्या वॉचमनने तिला बाहेर काढलं होतं. बलियाकडचा भैया, त्याला पळायला जवळचं गाव नव्हतं. फळ्या वाहायच्या हातगाडीवर घालून त्याने तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

मलेरिया निघाला.

महिन्याने आम्ही परतलो, तर कमलताई नळावर कपडे धूत होती. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "संगीता कोठे शे?"

बायका घरात शिरल्या. ती नळावरून उठल्यावर तो राखेने घासला. कितीतरी महिने घासला. मलेरिया होता हे सगळ्यांना कळलं होतं तरी.

भीमराव चाळीत आलाच नाही. त्याने चलथाणला खोली घेतली होती, आणि दिवाळीच्या आत दुसरी बायकोही केली. कमलताई पत्ता काढून गेली, संगीतासाठी फ्रॉक घेऊन. मला बरोबर नेलं. मी नाही म्हणू शकले नाही.

भीमराव दारातच म्हणाला, "तुनं दहावं व्हई गय. आते कशाले उनी?"

त्याच्या मागून संगीताने डोकावलं. आईला बघून तिने किंकाळी फोडली आणि आत पळाली. तिला सांगितलं होतं, मेलेलं माणूस परत आलं तर ते भूत असतं.

कमलताईने फ्रॉक उंबऱ्यावर ठेवला. नव्या बायकोने तो काठीने बाहेर ढकलला.

येताना रिक्षात मी रडायला लागले. म्हटलं, "ताई, कडी मी लावली होती. मला माफ कर."

ती बाहेर उसाच्या गाड्या बघत होती.

"माले माहीत शे. तुन्या बांगड्या वाजन्यात."

मग म्हणाली, "तुले माफी देई टाकी, त मन्हा हातमा काय ऱ्हाई?"

नाही दिली. शेवटपर्यंत नाही दिली. वखार बंद पडली, चाळ पाडली, आम्ही कामरेजला फ्लॅट घेतला. मी दर महिन्याला तिच्याकडे जायचे. ती चहा द्यायची, माझ्या मुलांची चौकशी करायची. तो विषय मी काढला की उठून भांडी घासायला बसायची.

आज सकाळी संगीताचा नंबर शोधून फोन केला. आता तिलाही मुलं आहेत. म्हटलं, "तुझी आई गेली गं."

ती गुजरातीत म्हणाली, "मारी मम्मी तो हुं छ वर्षनी हती त्यारे ज गुजरी गई."

आणि फोन ठेवला.

अश्विनीकुमारच्या स्मशानात आम्ही पाच जण होतो. अग्नी माझ्या मोठ्या मुलाने दिला. ग्रुपवर शांती मागणारं कुणी आलं नव्हतं.

कमलताई, नीट जा.