रोवण्यातलं हसू

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. नव्या मुलांना शिकवताना सांगितली, निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार असतानाही सांगितली. पण घडली तशी — कोणालाच नाही. बायकोलाही नाही, आणि ती आता ऐकायला उरली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी थोडं सोपं जाईल असं वाटतं. बघू.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो. नागपूरची एक संस्था व्यसनं आणि गुन्हे यांचा अभ्यास करायची — कुठल्या भागात काय वाढतंय, कुठून येतंय, कोण त्यात सापडतंय. प्रत्येक जिल्ह्याला एक संशोधक. भंडाऱ्याला मी. पोलीस ठाण्यात बसायचं, औषधांच्या दुकानदारांशी, ऑटोवाल्यांशी बोलायचं, मग गावोगाव फिरून लोकांना विचारायचं. वर्षाच्या शेवटी अहवाल. मी पवनीकडचा, बोली माझीच, म्हणून मला घेतलं होतं. साहेब म्हणायचे, तुमच्याशी लोक मोकळे बोलतात.

बोलायचे खरे. त्या मोकळेपणाचं मी काय केलं, तेच सांगायचं आहे.

गोंदिया वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. जिल्हा अर्धा उरला, आणि माझा अहवालही अर्धा दिसू लागला. नागपूरच्या बैठकीत गोंदियाचा संशोधक बोलायला लागला की सगळे सरसावून ऐकत. माझी पाळी आली की चहा यायचा. एकदा साहेबांनी विचारलं, तुमच्या भंडाऱ्यात लोक फक्त धानच लावतात का हो? सगळे हसले. पण परतताना एसटीत मला दुसरं काही सुचेना. उद्या दोन्ही जिल्हे एकाच माणसाकडे देतील, आणि तो माणूस मी नसणार. हे कारण म्हणून सांगत नाही. मनात काय होतं, तेवढं सांगतो.

त्या पावसाळ्यात मी कोंढ्याच्या पुढच्या एका गावात गेलो. गावाचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

रोवण्याचे दिवस होते. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून आणायचे आणि चिखलात रांगेनं लावत मागं मागं सरकायचं — हे काम बायांचं. पुरुषांना चावडीवर विचारलं की ते घसा साफ करून आदर्श गाव सांगतात. बाया बांधीत, धानाच्या खाचरात, वाकलेल्या असल्या की खरं बोलतात, असा माझा अनुभव. म्हणून मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन उभा राहिलो.

इथं आमच्याकडची एक रीत तुम्हाला माहीत हवी. रोवण्याच्या बाया धुऱ्यावर आलेल्या परक्या माणसाला सुका सोडत नाहीत. त्याची थट्टा करतात, त्याला चिखलाचा हात लावतात, चहापाण्यापुरतं काही घेतात, मगच जाऊ देतात. त्या थट्टेतून नवरे, सासवा, गावचे पुढारी — कोणी सुटत नाही. खोटं जितकं मोठं, तितकं हसू मोठं. माझी आई रोवण्याला जायची. तिच्या पाठोपाठ धुऱ्याधुऱ्यानं फिरतच मी मोठा झालो. हे लक्षात ठेवा. कारण हेच मी नंतर सगळ्यांपासून लपवलं.

मी विचारलं, गावात गांजाबिंजा पेते का कोणी?

शेवंता नावाची एक बाई होती. तिनं कंबर सरळ केली, हातातली जुडी दुसऱ्या हातात घेतली आणि अगदी गंभीर तोंडानं म्हणाली, "काहून नाही, भाऊ? आमच्या गावात सारेच पेतेत. मायी सासू पेते, बैल पेतेत. माया नवरा वरठीवरून पोतंभर आणते, म्हणून त रोवणा होऊन राहिला."

मागून तिची जाऊ म्हणाली, "आन उरला त पोलीस पाटलाले देते."

अख्खी रांग हसली. एक बाई तर हसता हसता चिखलात बसली.

आणि मी —

थांबा. ते शेवटी.

शेवंतानं माझ्या पँटवर चिखलाचा पंजा उमटवला. मी चहाचे पैसे दिले. तिचा नवरा मनोहर वरठीला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता, तिथंच खोली करून राहायचा आणि सुट्टीला गावी यायचा. हेही तिनंच सांगितलं, मी न विचारता. नवऱ्याला काम लागलं याचं तिला कौतुक होतं.

आमच्या कामाचा एक नियम होता — एकाच्या तोंडून ऐकलेलं दुसऱ्याकडून पक्कं केल्याशिवाय लिहायचं नाही. अहवाल लिहायला बसलो तेव्हा माझ्याकडे दारू होती, गुंगीच्या गोळ्या होत्या, आणि नागपूरला ज्यात रस होता ते काहीच नव्हतं. मग मी लिहिलं, की वरठीला काम करणाऱ्या मजुरामार्फत या गावात गांजा येतो असे एका महिलेने सांगितले. उपस्थित इतर महिलांनी दुजोरा दिला.

दुजोरा. त्या हसल्या होत्या हो. हसण्याला मी दुजोरा लिहिलं.

कोणी शंका घेतली नाही. का घेतील? वरठीचं स्टेशन मोठं, गाड्या लांबून येतात, गांजा रेल्वेनं फिरतो हे सगळेच म्हणत. खोटं असं लिहिलं की ते आधीच ठाऊक असल्यासारखं वाटावं. पुढच्या बैठकीत साहेबांनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला. चहा आला, पण कोणी कपाला हात लावला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मीच मागच्या अहवालाचा हवाला देऊन लिहिलं, की हा प्रवाह कायम आहे. एका बाईच्या थट्टेचा प्रवाह झाला.

पण त्याआधीच एका पेपरानं ते छापलं होतं. गावाच्या नावासकट. पोलीस आले. त्या गावातून वरठीला जाणारा असा माणूस एकच — मनोहर. घरात काही सापडलं नाही, तरी त्याला घेऊन गेले. परत आला तेव्हा तो लंगडत होता. ठेकेदारानं त्याला सांगितलं, आता येऊ नको. आणि गावात प्रश्न एकच — बोललं कोण?

सरपंचानं संस्थेला निरोप पाठवला आणि संस्थेनं मला पाठवलं. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली होती. मला खुर्ची दिली. एकेक बाई पुढे येऊन सांगत होती, आम्ही तवा दुसऱ्या बांधीत होतो. जाऊ म्हणाली, त्या दिवशी ती रोवण्याला गेलीच नव्हती. मनोहर बाजूला पायरीवर बसला होता, मान खाली घालून. शेवंता एकटी उभी होती. ती गमतीनं बोलली होती हे सांगणारा आता जगात एकच माणूस होता, आणि तो खुर्चीवर बसला होता.

ती मला म्हणाली, "भाऊ, तुमी बी हासले होते ना? या लोकायले सांगा ना जराक. तुमी हासले होते."

तिला दुसरं काही नको होतं. पेपरात माफी नको, नवऱ्याचं कामही नको. एवढंच एक वाक्य.

आणि मी — धुऱ्यावर तिच्या बोलीत बोलणारा मी — पुस्तकी मराठीत म्हणालो, "मी ऐकलं ते लिहिलं, बाई. हसल्याचं मला आठवत नाही."

ती मग म्हणाली, "बरं." पदर सारखा केला आणि खाली बसली. मनोहर उठून निघून गेला. तिच्याकडे न पाहता.

पुढचं धान कापणीला यायच्या आत ते कुटुंब गाव सोडून गेलं. कुठं, ते मला माहीत नाही. माणसं कुठून कुठं जातात हे शोधण्याचाच माझा धंदा होता, पण हे मी कधी विचारलं नाही.

पुढे मी नव्या संशोधकांना शिकवू लागलो, तेव्हा हीच गोष्ट सांगायचो. म्हणायचो, बघा, मला थट्टा कळली नाही, बायांचं बोलणं मी खरं मानलं आणि एका गरिबाचं काम गेलं. तुम्ही सावध राहा. मुलं भारावून जायची. स्वतःची चूक सांगणारा माणूस! निरोपाच्या भाषणात एकानं तेच म्हटलं — सर किती प्रामाणिक. टाळ्या पडल्या. कळली नाही, या दोन शब्दांवर मी माझं उरलेलं नाव उभं केलं. रोवणेकरणीच्या पोराला रोवण्यातली थट्टा कळली नाही — कसं पटलं सगळ्यांना? मला तर क्षणभरही पटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा पावसाळ्यात त्या रस्त्यानं जाणं झालं. बांधीत रांग लागली होती. काय वाटलं कोण जाणे, गाडी थांबवून मी धुऱ्यावर गेलो. बऱ्याच बाया नव्या होत्या, पण एकीनं मला ओळखलं असावं. ती शेजारणीला हळूच काही बोलली, तिनं पुढचीला सांगितलं. मग माझी थट्टा कोणीच केली नाही. कोणी वर पाहिलं नाही, कोणी काही मागितलं नाही. पऱ्हे चिखलात रोवल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मी बराच वेळ उभा होतो. परत आलो तेव्हा माझे कपडे कोरडे होते, स्वच्छ होते.

तर मघाशी जे थांबवलं होतं ते असं. शेवंता बैलाचं बोलली तेव्हाच मला हसू फुटलं. तिची जाऊ बोलली तेव्हा छत्री माझ्या हातून निसटली, ती उचलायला वाकलो तरी हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आलं. शेवंता म्हणाली, भाऊले धरा वं, पडन. रात्री घरी आल्यावर बायकोला ती थट्टा — तेवढीच — सांगतानाही मी हसत होतो.

हो, शेवंता. मी हासलो होतो.