पऱ्यापलीकडचे भाऊ

दापोलीच्या स्टँडबाहेर आमच्या वडापच्या जीप लागतात. सीट भरेपर्यंत ड्रायव्हरला काम नसतं, आणि काम नसलं की कोणीतरी भाऊंचा विषय काढतो. मग ते थांबत नाही. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला त्याहून मोठा आठवतो. तिसरा तर भाऊंना कधी भेटलेलाही नसतो, तोच सगळ्यांत जास्त सांगतो. असं करता करता माणूस राहिला पाच फुटांचा आणि किस्से झाले माडाएवढे.

म्हणून माझ्या डोळ्यांदेखत घडलं तेवढंच सांगतो. मी भाऊंचा कार्यकर्ता नाही. कोणाचाच नाही. रत्नागिरीला बी.कॉम.ला होतो, दुसऱ्या वर्षी सोडलं, कारण शिकवणारे माझ्याहून जास्त कंटाळलेले दिसत होते. तेव्हापासून गावातला प्रत्येक म्हातारा मला शहाणपण शिकवतो, त्यामुळे वयाने मोठ्या माणसाला मोठं म्हणायची माझी सवय सुटली आहे. पण भाऊंच्या बाबतीत मला खरंच कुतूहल आहे. ह्या माणसाला भाषण येत नाही, दिसायला तो कोणी नाही, जमीन म्हणाल तर भाताचे चार तुकडे. मग लोक त्याचं ऐकतात कसे?

*

भाऊ म्हणजे आमच्या वाडीतले गणूकाका. मुंबईत एका ऑफिसच्या बिल्डिंगीत लिफ्टमन होते. अठ्ठ्याण्णव साली तिथे बटण दाबून आपोआप चालणारी लिफ्ट आली आणि काका गावी आले.

आमची वाडी पऱ्याच्या पलीकडे. पऱ्या म्हणजे ओढा. उन्हाळ्यात नुसते दगड, पावसाळ्यात मरण. पाणी चढलं की पोरांची शाळा बंद, आणि आजारी माणूस डोलीतून न्यायचा. डोली म्हणजे बांबूला बांधलेली चादर. आमची ॲम्ब्युलन्स तीच. ह्यावर उपाय एकच, साकव, म्हणजे माणसं चालण्यापुरता पूल. पण अलीकडचा काठ देवळाच्या जमिनीत येतो आणि ती जमीन गावकीच्या ताब्यात. गावकी म्हणजे सभामंडपात खांबाला टेकून बसणारे म्हातारे. त्यांच्यात शेवटचा शब्द तात्यांचा. तात्या पालखीचे मानकरी.

गणूकाकांनी आल्या आल्या गावकीत साकवाचं काढलं. तात्यांनी मान हलवली. "साकव झाला तर पालखीची वाट बदलते."

भानगड अशी की शिमग्यात पालखी लांबचा वळसा घेऊन, पावसात बुडणाऱ्या वाटेने, घरोघरी फिरते आणि आमची वाडी शेवटी लागते. साकव झाला तर देवळातून निघाल्यावर पहिली आमचीच वाडी. मग मधल्या दोन वाड्यांचा मान गेला. थोडक्यात, शिमग्यातल्या मानासाठी आमच्या पोरांनी पावसाळाभर शाळा बुडवायची. हा ह्या लोकांचा न्याय.

"पूर्वज राहिले ना इतकी वर्षं साकवाबिगर?" तात्यांनी विचारलं.

"राहिले ओ," गणूकाका म्हणाले. "वाहून गेले ते सोडून."

सभेत कोणी हसलं नाही. मी हसलो. मला बाहेर काढलं.

*

गावकीला फारच टोचलं की ती मुंबईकडे बोट दाखवते. आमच्या गावाचं मंडळ मुंबईत आहे. गावात काय व्हावं हे ठरवतात तिथे बसून, आणि ठरवणारे गावात येतात गणपतीला नाहीतर शिमग्याला, डास चावतात म्हणून कुरकुरायला. मंडळाचे अध्यक्ष नाना. त्यांचं म्हणणं, "साकवाची एवढी घाई कसली?"

एका गणपतीत नाना आमच्या वाडीत त्यांच्या मावशीकडे जेवायला आले. येताना पऱ्याला घोटाभर पाणी. जेवणं उरकेपर्यंत वर डोंगरात पाऊस कोसळला आणि पाणी कमरेला लागलं. नानांचं त्याच संध्याकाळचं खेडहून गाडीचं रिझर्वेशन. निघाली डोली. पुढे गणूकाका, मागे मी, मधे चादरीत नाना, पोटावर बॅग धरून.

बरोबर मधोमध काका थांबले.

"काय झालं रे गणू?"

"काय नाय नाना. पाय कुठं टाकायचा बघतोय. तवर एक विचारू काय? साकवाबद्दल मंडळाचं काय म्हणणं?"

"ही काय विचारायची जागा आहे?"

"हीच जागा हाय ना. साकव हितंच घालायचाय."

नानांनी खाली पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

"हो म्हण. मंडळाचं हो आहे. चल पुढे."

मुंबईला पोचल्यावर नानांनी फिरवलं. बैठकीत म्हणाले, ते मत पाण्यात अडवून घेतलेलं, धरता येणार नाही. मी काकांना म्हटलं, सगळं फुकट गेलं. काका म्हणाले, "फुकट कसं? मंडळाला कळलं ना पाणी कुठवर येतं."

*

ग्रामपंचायतीला काका उभे राहिले. तात्यांच्या माणसाची रिक्षा कर्णा लावून गावभर ओरडत होती. काकांचा प्रचार म्हणजे एकेका घराच्या मागल्या दारी जायचं, पडवीत टेकायचं, पाणी मागायचं आणि गप्प बसायचं. एक दिवस मी बरोबर गेलो आणि कंटाळून मेलो.

"काका, बोला तरी काहीतरी. निवडणूक आहे."

"लिफ्टमधी मी कधी बोललो नाय. आपण गप ऱ्हायलो की दोन मजल्यांत माणूस सगळं सांगून मोकळा होतो."

आणि खरंच, बायका सांगत होत्या. विहिरीचा रहाट मोडलाय, रेशनवाला मापात मारतो, मास्तर पऱ्याला पाणी आहे म्हणून येत नाही आणि पाणी नसलं तरी येत नाही. काका मान डोलवायचे, पाणी प्यायचे, उठायचे.

"आणि पुढल्या दारी कधी जायचं?" मी विचारलं.

"पुढल्या दारी बाप्ये बसतात. ते निवडणुकीवर बोलतात. मत देतात ह्या."

काका निवडून आले, सरपंच झाले. गावकीत तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "मागल्या दारानं शिरलेला सरपंच हा."

"तुमच्याकडं पण आलेलो तात्या," काका म्हणाले. "काकींनी चहा दिला."

तात्यांनी सभा तिथेच मोडली. दुसऱ्या दिवशी काकी, म्हणजे तात्यांची बायको, माझ्याच जीपने माहेरी निघाल्या. मी गणूकाकांना गाठलं. म्हटलं, म्हातारीला कशाला मधे ओढलंत, तिला घरी ऐकून घ्यावं लागलं असणार.

"अरे, त्याच बोलल्या. निवडून आलास तर त्यांना सांग म्हणून."

*

सरपंच झाल्यावर गणूकाकांचे भाऊ झाले. आमच्याकडे पद आलं की नाव बदलतं. काल ज्यांनी "ए गण्या" म्हणून हाक मारली त्यांनीच आज "भाऊ, बसा" म्हणून खुर्ची पुसली. मला ह्या लोकांची किळस येते, पण खुर्ची त्यांनी पुसली हे खरं.

रत्नागिरीला जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची बैठक होती. गावोगावचे सरपंच आपापल्या मागण्या मांडणार. आम्ही पहाटे जीप भरून निघालो. रस्ताभर मी भाऊंकडून भाषण घोकून घेतलं. "सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित मान्यवर" इथपासून "अशी मी नम्र विनंती करतो" इथपर्यंत. हातखंब्याला चहा पिताना त्यांनी न अडखळता म्हणून दाखवलं.

हॉलमध्ये नाव पुकारलं. भाऊ माईकसमोर गेले. "सन्माननीय," म्हणाले आणि थांबले. पुढच्या रांगेतल्या एकाने घड्याळ बघितलं. मी मागून ओठ हलवून "व्यासपीठ, व्यासपीठ" करत होतो.

भाऊंनी डोळे मिटले, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, पऱ्यापलीकडं तुझी लेकरं ऱ्हातात."

"व्हय म्हाराजा," जीपमधून आलेली आमची माणसं मागून म्हणाली आणि उठून उभी राहिली. गाऱ्हाणं बसून ऐकत नाहीत. ती उभी राहिली म्हणून शेजारचे गाववाले उठले. ते उठले म्हणून पुढचे उठले. शेवटी साहेबही उठले.

"पाणी चढलं की त्यांची वाट बुडते म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आमच्या वाडीतली एक आजी कडेला उभी होती. ती साहेबांना शांतपणे म्हणाली, "साहेब, पायातलं काढा."

साहेबांनी बूट काढले.

"ह्या साहेबांच्या हातनं साकव होऊ दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा हॉल म्हणाला. साहेबही म्हणाले, मी त्यांचे ओठ बघितलेत.

साकव मंजूर झाला. अट एकच, जागेला गावकीची संमती हवी. परतताना मी जीपमध्ये भाऊंना झापलं. एवढं शिकवलं, सगळं विसरलात.

"सगळं कुठं? सन्माननीय बोललो की."

*

मग मोबाईल आला. आमच्या गावात रेंज नव्हती. ती मिळायची वर सड्यावर, उघड्या कातळावर, तीही एकाच जागी. भाऊंनी तिथे प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. भाऊ एव्हाना पक्षात गेलेले आणि कपडे पांढरे झालेले. रोज सकाळी भाऊ कातळावर खुर्चीत आणि दाखल्यासाठी, बदलीसाठी, पोराच्या नोकरीसाठी माणसं चढ चढून वर.

पक्षाने त्यांना पंचायत समितीला उभं करायचं ठरवलं होतं. एक दिवस मी तिथे असताना तालुक्याहून फोन आला. त्या फोनचा आवाज एवढा मोठा होता की सड्यावरच्या गुरांनाही ऐकू जावा. "मधल्या दोन वाड्यांची मतं लागतील. निवडणूक होईतो साकवाचं नाव काढू नका."

"बरं," भाऊ म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

माझं डोकं फिरलं. मार्चअखेरपर्यंत गावकीची संमती आली नाही तर मंजुरी रद्द होणार होती. म्हटलं, "काका, तुम्ही पण तात्या झालात."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "झालो असतो तर तू हे तोंडावर बोलला नसतास."

बोलायला छान आहे. पण त्या निवडणुकीत त्यांनी साकवाचा स सुद्धा उच्चारला नाही. मधल्या वाड्यांनी मतं दिली. आमच्या वाडीनेही दिली, दात आवळून. भाऊ निवडून आले. पुढे मार्च उजाडला आणि गावकीची संमती जिथल्या तिथे. आमच्या वाडीत लोक भाऊंना बघून घरात जाऊ लागले. माझी आई त्यात पहिली.

*

त्याच मार्चातला शिमगा. देवळातून पालखी निघताना पुढचा खांदा तात्यांचा. गुडघे गेलेत, काठीशिवाय उठता येत नाही, पण मान सोडायचा नाही. पऱ्याच्या काठावर वळण आहे, तिथवर तात्या नेणार, तिथे तरणी पोरं खांदा घेणार आणि पालखी उजवीकडे वळून लांबच्या वाटेला लागणार. मागचा खांदा त्या वर्षी भाऊंना दिला. पंचायत समितीचा माणूस म्हटल्यावर ह्याच म्हाताऱ्यांना एकाएकी तो घरचा वाटायला लागला होता.

वळणावर खांदा घ्यायला उभ्या असलेल्यांत मी होतो. ढोल जोरात. पालखी आली, थांबली, जागेवर डुलली. मी खांदा पुढे केला. तात्यांनी दिला नाही. पालखी उजवीकडे वळली नाही. सरळ पऱ्यात उतरली.

चालत्या पालखीला आमच्याकडे कोणी हात लावून अडवत नाही. आणि पालखी एकदा ज्या वाटेने गेली ती तिची वाट झाली, असा गावचा नियम. ढोलवाले क्षणभर थांबले, मग मागून धावले. पऱ्यात पाणी नव्हतं, पण दगड होते, आणि त्या दगडांवरून गुडघे गेलेला माणूस धोतर सावरत चालला होता. मधल्या वाड्यांचे म्हातारे काठावरून हाका मारत होते. मागे कोणी बघितलं नाही.

आमच्या वाडीत कोणाची तयारी नव्हती. पालखी आमच्याकडे दिवस कलल्यावर येते, आणि आता सकाळ होती. माझी आई अंगण सारवत होती. कोपरापर्यंत शेणाचे हात घेऊन ती उभी राहिली आणि पालखी तिच्यासमोर, अर्ध्या ओल्या अंगणात टेकली. तात्याही तिथेच बसले, शेणात. आईने हात धुऊन तांब्या आणला.

"तात्या, ह्या वाटेनं कसे काय आलात?"

तात्या सगळं पाणी प्यायले. एव्हाना गावकी धापा टाकत अंगणात पोचली होती आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तात्यांनी वळून पऱ्याकडे बघितलं.

"वाट बरी हाय. पण दगड वाईट," ते म्हणाले. "साकव घाला हितं."

नंतर मी दोघांनाही एकेकटं गाठून विचारलं, पालखी सरळ का गेली.

तात्या म्हणाले, "मी काय करणार? मागनं रेटत होतं."

भाऊ म्हणाले, "मी काय करणार? पुढनं खेचत होतं."