राखेचा किल्टा

रात्रभर ढग डोंगराला चिकटून बसले होते, त्यामुळं एप्रिलातली पहाट असूनही गारठा असा नव्हताच. पालझोमनं चुलीतली राख उकरून किल्ट्यात, पाठीवर न्यायच्या टोपलीत, भरली. लाहौलात पेरणीची सुरुवात अशीच. वावरातल्या बर्फावर राख उधळायची, काळ्या राखेनं ऊन धरायचं, बर्फ पंधरा दिवस आधी उतरायचा, तेव्हा कुठं वाटाण्याला जमीन मिळायची.

अंगणातल्या बर्फात तिनं काठी टोचली. काठी लोण्यात जावी तशी खाली गेली. वरचा थर ओला आणि जड, तळाला साखरेसारखा रवा. रात्री गोठलंच नव्हतं काही. अशा पहाटे डोंगराखाली कुणी जायचं नाही.

वीस वर्षं गाव या काठीवर चाललं होतं. गेल्या साली मात्र तिनं सगळ्यांना नऊ दिवस घरात बसवलं आणि डोंगरावरचा बर्फ काही सुटला नाही. पेरणी मागं पडली, शेंगा भरायच्या आत गोठलेल्या दहिवरानं वाटाणा मारला. तेव्हापासून गावात काठीचं हसं झालं होतं.

"काय वहिनी!" दीर तोबदेन गल्लीतूनच ओरडला. "काठीबाई काय म्हणतात? आजपण लोकरच कातायची का?"

मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. त्यातली जाऊ बुतित म्हणाली, "यंदा आधी आमच्या पोटाला विचारा, मग बर्फाला."

पालझोमची लेक दिकित किल्टा उचलून उंबऱ्यात उभी होती. एकोणीस वर्षांची पोर, कान लाल झालेले. "आमा, जाऊ ना गं? का परत वर्षभर ऐकून घ्यायचं?"

आपली वावराची पट्टी नेमकी नाळेच्या तोंडाशी, वरचा बर्फ उतरतो त्या घळीखाली. पालझोमच्या ओठावर 'नको' आलं होतं. तिनं ते गिळलं.

"जा. ऊन गोम्पाला टेकायच्या आत माघारी ये."

ऊन मठाला टेकलंच नाही. त्याआधीच वर कुठंतरी भरलं पोतं आदळावं तसा आवाज झाला, आणि नाळ रिकामी झाली. बाकीच्या बाया अलीकडच्या वावरात होत्या, त्या वाचल्या.

संध्याकाळपर्यंत गावानं खणलं. ओला बर्फ थांबला की सिमेंटासारखा धरतो, फावडी वाकली. दिकितचा किल्टा तेवढा सापडला, चेपलेला.

तोबदेन फावड्यावर रेलला. "वहिनी, तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस? गेल्या साली बरं तोंड होतं तुला!"

लोकांनी फावडी खांद्यावर टाकली. नाळेखाली दोन घरांएवढा ढीग पडला होता. आपसूक वितळायला आषाढ उजाडला असता.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलेलं होतं. पालझोम बुतितच्या दारात गेली.

"तुझ्या चुलीतली राख दे थोडी."

बुतितनं पदरानं डोळे पुसले. पण राखेच्या डब्याआड उभी राहून म्हणाली, "आचे, आमच्याच वावराला पुरायची नाही गं."

पालझोम घरी आली. स्वतःची चूल तळापर्यंत खरवडली. ढिगाशी जाऊन सवयीनं काठी टोचली. आज कडक होता. मग ती वर चढली आणि पेरणीच्या हातानं राख उधळू लागली. किल्टा अर्ध्या ढिगालाही पुरला नाही. तिनं तो झटकला, पाठीला लावला आणि चूल पेटवायला शेण्या आणायला निघाली.