घरच्या म्हशीचं दूध

डेअरीतला म्हातारा म्हटलं की तुम्ही लगेच म्हणणार, दुधात पाणी घालत असेल. चुकलात. आमच्या आबांनी थेंबभरही घातलं नाही. हसायला बसला असाल, तर तेही थोडंच मिळेल.

एक डोळा मिटायचा, काचेची नळी ट्यूबलाइटसमोर धरायची आणि म्हणायचं, "मेलं." हे आबांचं रोजचं. कान्हे गावाजवळच्या आमच्या डेअरीत दूध तापवायचं मशिन त्यांच्या ताब्यात, आणि मी त्यांच्या हाताखाली. कच्च्या दुधात एक एन्झाइम असतं. दूध नीट तापलं की ते निकामी होतं, म्हणजे आजाराचे जंतूही मेले असं धरायचं. नळीत औषध टाकल्यावर पिवळा रंग आला तर ते जिवंत. मग आबा अख्खं दूध परत मशिनमधून फिरवायचे.

ड्रायव्हर बोंबलायचा, "आबा, लोणावळ्याची हॉटेलं उघडली ना!"

"उघडू दे. पेशंट तू न्हेनार का दवाखान्यात?"

मी त्यांच्या आवाजाची नक्कल अशी करायचो, की लांबून ड्रायव्हर फसायचे. आबा म्हणायचे, "माज्यापरीस तूच जास्त आबा वाटतोस रं."

आणि हाच माणूस घरी धार काढायचा आणि फेसाळ दूध गोठ्यातच तोंडाला लावायचा. मी एकदा म्हटलं, "आबा, रंग बघितला का?"

"घरची म्हस हाय. तिला कसला आलाय जंतू!"

मागच्या हिवाळ्यात ती गाभडली. मेलेलं रेडकू आबांनी उघड्या हातांनी सोडवलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हिचं रक्त तपासू. आबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग आबांना ताप. यायचा, जायचा, परत यायचा. टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, मलेरियाच्या झाल्या. मशिनपाशी कंबर धरून उभे राहायचे. नळी वर धरवायची नाही, मी खालून कोपर धरायचो. तळेगावच्या डॉक्टरांनी म्हशीबद्दल विचारलं, तोवर तिच्याकडून आलेला जंतू आबांच्या हृदयाच्या झडपेला चिकटला होता. दवाखान्यात आबा मला म्हणाले, "घरचीच निघाली रं." परत मशिनवर आले नाहीत.

दहावा उरकून आम्ही त्यांच्या घरी आलो. म्हैस गोठ्यातच. आबांची सून पोटुशी. मावशी, म्हणजे आबांची बायको, तिला ताज्या धारेचा पेला देत होत्या. "पी बाय, अंगाला लागतंय."

"मावशी, आधी उकळा."

"त्यांच्या नशिबात व्हतं ते झालं. मुक्या जनावराला नावं ठिवू नगंस."

सुनेनं पेला ओठांपाशी नेला. मी आबांच्या आवाजात ओरडलो, "ए पोरी, खाली ठिव ते!"

पेला सांडला. घरातलं रडणं बंद. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या.

मावशींनी आधी पदरानं तोंड पुसलं. मग चरवीतलं उरलेलं दूध पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं, आणि माझ्याकडं वळल्या.

"मेलेल्या मानसाचा आवाज काढतोस व्हय रं, मुडद्या? लय काळजी व्हती ना? मग ते जित्ते व्हते तवा त्यांच्यावर का न्हाई असा वरडलास?"