ऊन जाऊन राहिलं

कोठेकरकाकांना मी स्वस्थ बसलेलं कधी पाहिलं नाही. जेवायला बोलावलं तरी ताट हातात घेऊन ते खिडकीशी उभे राहायचे आणि बाहेरचा उजेड बघत वरणभात संपवायचे. मधेच "ऊन जाऊन राहिलं, चला" म्हणायचे, की आपण उष्ट्या हाताने त्यांच्यामागे बॅकयार्डात. कॅनडातल्या ग्वेल्फ गावातल्या आमच्या मोजक्या मराठी घरांत त्या वाक्याची धास्तीच होती.

काका मूळचे नागपूरचे. इथल्या वीज कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. घरात फोटो काढायचा नाही, फ्लॅश लावायचा नाही, हा नेम. "जिंदगीभर वीज विकली, आता फुकटचं ऊन वापरतो," म्हणायचे. नव्या गाडीला टेकून काढलेले, गावी पाठवायचे फोटो त्यांच्याकडे मागायची सोय नव्हती. माणूस मागे काय सोडून आला, तेच ते उघड्यावर उभं करत.

मी तेव्हा सॉफ्टवेअरच्या नोकरीवर नुकतीच पुण्याहून आले होते. फोटोसाठी हौसेने पैठणी नेसून गेले. काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "पर्समध्ये तिकडचं काय आहे?" एवढंच विचारलं. पर्समध्ये माझ्या स्कूटीची जास्तीची किल्ली होती. स्कूटी विकून आले होते, मग किल्ली कशाला आणली, ते मलाच सांगता येईना. काकांनी मला जीन्स घालायला घरी पिटाळलं. मग मक्याच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्यावर एका खोक्यावर बसवलं, पुण्याच्या मुली बांधतात तसा स्कार्फ तोंडाला बांधायला लावला आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला सांगितले. खाली स्कूटी नाही, मागे संध्याकाळचं तिरपं ऊन. वर दटावलं, हसू नको म्हणून, तोंड पूर्ण झाकलेलं असताना! यात चेहरा कुठाय, स्थळांना काय दाखवू, म्हणून आईने फोनवर डोकं धरलं. पण तो फोटो मी अजून जपून ठेवलाय.

त्या फोटोंमधला मऊ उजेड सिंधूकाकूंचा. काकांचं लग्नातलं पांढरं धोतर दोन हॉकी स्टिक्सना ताणून बांधलेलं असे. ते धरून काकू उन्हाला तोंड करून उभ्या राहत आणि काका सांगतील तसा उजेड समोरच्याच्या चेहऱ्यावर टाकत. काकू नागपूरला शिक्षिका होत्या. इथे त्यांची पदवी चालली नाही. पुन्हा शिकू म्हणता म्हणता मुलगी झाली आणि फळा सुटला तो सुटलाच.

त्यांच्या फोटोची कल्पना काकांच्या डोक्यात कधीची तयार होती. सगळीकडे बर्फ, मधे काळा फळा, शेजारी काकू, आणि शिकायला समोर कोणीच नाही. फळासुद्धा त्यांनी बेसमेंटमध्ये स्वतः बनवून ठेवला होता. पण दर विंटरला काहीतरी बिनसायचं. कधी ऊन कडक, कधी आभाळ भरलेलं. खरी अडचण वेगळी होती. काकू फोटोत गेल्या तर धोतर कोण धरणार? मी धरते म्हटलं की काका म्हणत, "तुले नाही जमत." काकू हसायच्या. "मी काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

मग काकूंचे गुडघे गेले. मुलीने दोघांना पार पश्चिम किनाऱ्यावर, बर्नाबीला बोलावून घेतलं, घर विकलं गेलं. तिकडे असा बर्फ साचत नाही. मार्च निम्मा सरला, शेतांतला बर्फ वितळायला लागला आणि काका सैरभैर झाले. तुमच्याकडे आभाळ मोकळं आहे का, म्हणून सारखा फोन. मी राहायचे मागच्याच गल्लीत.

निघायच्या आदल्या दिवशी शेताच्या कडेला उरलेल्या बर्फावर आम्ही फळा उभा केला. काकूंनी फोटोसाठी कोट काढला. ऊन नव्हतंच. मी धोतर धरून उभी, काका येरझाऱ्या घालतायत, ढगांकडे बघून पुटपुटतायत. थांब, आता येईल, आता येईल. काकूंचे ओठ निळे पडायला लागले. मला काकांचा मनापासून राग आला.

तेवढ्यात काकूंनी फळ्यावर खडू आपटला.

"बसा बरं खाली."

हा आवाज मी त्यांच्या घरात कधी ऐकला नव्हता. काका कॅमेऱ्यासकट बर्फात मांडी घालून बसले. मीही धोतर टाकून बसले.

"एकोणतीसचा पाढा. म्हणा."

आम्ही सुरुवात केली. मी एकोणतीस चोकलाच ढेपाळले, काका एकोणतीस पाचेला अडखळले. काकूंनी बोट रोखलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सांगितलं. काकांनी बसल्या बसल्या कॅमेरा डोळ्याला लावला.

परतताना गाडीत ते कॅमेऱ्यावरचा बर्फ पुसत बसले. मग म्हणाले, "कन्सेप्टच चुकला होता माझा. समोर कोणीच नाही असं धरून चाललो होतो. मी होतो ना."

बर्नाबीला गेल्यावर काही वर्षांनी काका वारले. त्यानंतर काकूंनी मला तो फोटो पाठवला. सपाट, ढगाळ उजेड, मळका बर्फ, आणि बघणाऱ्यावर रोखलेलं काकूंचं बोट. काकांनी दुसऱ्या कोणाचा असला फोटो नक्की फेकून दिला असता. मी लगेच फोन केला. शेवटी फार त्रास झाला का, विचारलं.

"पडून राहणं सहन होत नव्हतं गं त्यांना," काकू म्हणाल्या. "सारखे उठून खिडकीकडे जायला बघायचे, नर्स ओरडायची. मग मी पाढा म्हणायला लावायची. शेवटच्या दिवशी पूर्ण म्हटला, एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. अन् मले विचारलं, आता उठू काय, बाई?"

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, उठा."