ते खाली म्हणत होते

शेवटच्या दिवशी सकाळी तंबूतून बाहेर आले तेव्हाच यांचं डोकं ठणकत होतं. चहा प्यायले आणि ओकले. तिवारीजी म्हणाले, "अरे हरिहर भाई, फौजी होके उल्टी?" सगळे हसले. हेही हसले असतील, स्वभावच तसला. मग निघाले वर.

हे म्हणजे माझे मिस्टर. एअर फोर्समधून रिटायर झाले आणि आम्ही लखनऊजवळ बख्शी का तालाबलाच राहिलो. गाव साताऱ्याकडं, पण पोराचं सगळं लखनऊला. नंतर गोमती नगरला एका ऑफिसात सिक्युरिटीचं काम बघायचे, तिथलेच हे दोस्त, तिवारीजी आणि सक्सेनाजी. पिथौरागडच्या पुढं, फोन पण लागत नाही असल्या ठिकाणी तंबू ठोकून राहायचं आणि डोंगर चढायचा, असा प्रोग्राम. मी म्हटलं या वयात कशाला. तर म्हणाले, "शुभदा, आयुष्यभर विमानाची चाकं पुसली, आता जरा वरून बघू दे की."

त्या दिवशी काय झालं ते मला तेराव्याला कळलं. तिवारीजीच सांगत होते, पुरी खाता खाता.

"भाभीजी, हमने कोई कसर नहीं छोडी. चढाई में साँस फूल गई तो पत्थर पे बैठ गए. और एक ही रट, खाली, खाली. बोतल आधी थी, फिर भी हमने भर दी. फिर बोले खाली. हमने सोचा पेट खाली है, सुबह उल्टी जो हुई थी. बिस्कुट दिया, चना दिया. सब थूक दिया. फिर वही, खाली."

माझा मुलगा धैर्यशील पंगतीत भाजी वाढत होता. त्याची बादली तिथंच थांबली. मराठी बोलत नाही तो, हिंदीतच उत्तर देतो, पण कळतं सगळं. त्यानं माझ्याकडं बघितलं.

अहो, ते खाली न्या म्हणत होते. मला खाली न्या.

हिंदी चांगलं होतं यांचं. मी नवीन आले तेव्हा सब्जीवाल्याला म्हटलं, भैया थैली खाली रखो. त्यानं थैलीतले टमाटे परत ठेल्यावर ओतले. तेव्हा यांनीच मला शिकवलं, अगं इथं खाली म्हणजे रिकामं, नीचे म्हणायचं. कोण पाहुणा आला की ही गोष्ट सांगायचे आणि हसून हसून खोकायचे. पण ताप चढला की यांचं हिंदी जायचं. मलेरियात नर्सला म्हणायचे, "बाई, पांघरूण द्या." ती बिचारी माझ्याकडं बघायची. डोंगरावर मी नव्हते. वाटाड्या सामान घेऊन पुढं गेलेला. मराठीचं कोणी नव्हतंच.

मी विचारलं, "हाथ से कुछ दिखा रहे थे?"

"हाँ हाँ, जमीन की तरफ. बोतल वहीं रखी थी ना."

मी म्हटलं, "तिवारीजी, हमारी बोली में खाली मतलब नीचे."

मग सक्सेनाजी म्हणाले, "टॉप सामने ही दिख रहा था भाभी. हमने सोचा, ऊपर पहुँच के आराम कर लेंगे."

वर नेलं. दोघांनी दंड धरून नेलं. तिथं फोटो काढला. उतरायला लागले तर यांना उठताच येईना, आणि तिथंच गेले. तो फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला होता तेराव्याला. लास्ट यादगार म्हणे. त्यात हे मधे आहेत, मान एका बाजूला, दोघांचे हात यांच्या बगलेत आणि दोघं हसतायत. मी तो भिंतीला लावलेला नाही. गादीखाली ठेवलाय.

तिवारीजींनी पत्तल सारली. "भगवान की मर्जी भाभी. हमको मराठी कहाँ आती है."

खरं आहे, नाही येत. पण माणूस ओकतोय, बसतोय, हात करून जमीन दाखवतोय, ते कळायला मराठी लागते? त्यानंतर दोघंही आले नाहीत. नका येऊ.

काल गॅसवाला आला. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. त्यानं गेटातून हाक मारली, "भाभीजी, खाली लाइए!" नेहमीचीच हाक. मी पदराला हात पुसत तशीच जिना उतरले.

तो म्हणाला, "खाली कहाँ है?"

मी म्हटलं, "आले की खाली."

तो बघतच राहिला. तेवढ्यात धैर्यशील मागून रिकामा सिलेंडर घेऊन आला, त्याला दिला, भरलेला घेतला. मग माझा दंड धरला.

"चलो मम्मी, ऊपर चलो."

मी तिथंच पायरीवर बसले.