झाकणं वितळवण्याची आच

बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं वितळवून त्यांच्या काठ्या काढायच्या, कुंडीतल्या टोमॅटोला आधार द्यायला, हे नवऱ्याच्या डोक्यात आलं. तो ठाण्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. लोखंडी नळी, तिच्यात फिरणारा स्क्रू, वर झाकणांचे तुकडे ओतायचं नरसाळं आणि मोटर, हे सगळं त्याने विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्यांकडून जमवलं आणि डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत मांडलं.

"आता फक्त गरम करायचंय," तो म्हणाला.

ते माझ्याकडे आलं. मी कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत नोकरी केलेली.

आधी मी नळीभर एकच हीटर गुंडाळला. नरसाळ्याखालीच तुकडे मऊ होऊन स्क्रूला चिकटले, मोटर नुसती घुरघुरत राहिली. मग तीन वेगळे हीटर लावले, प्रत्येकाला तापमान सांभाळणारा आपापला कंट्रोलर. नरसाळ्याकडे आच कमी, तोंडाकडे जास्त. नरसाळ्याखाली तांब्याची बारीक नळी गुंडाळून पाणी खेळवलं. काठी बाहेर आली. वाकडी, पण अखंड.

पुढच्या रविवारी यंत्र चालू होतं आणि मी आत कणीक मळत होते. वास आला म्हणून पाहिलं तर गॅलरी धुराने भरलेली. पिठाच्या हातानेच मेन स्विच पाडला. तापमान मोजणारी तार मी चिमट्याने नुसती अडकवलेली. मोटरच्या थरथरीने ती निसटली होती. ती हवा मोजत होती, कंट्रोलरला नळी गार वाटत होती आणि हीटर तापतच गेला होता.

वरच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून दारात आल्या. त्यांना दमा आहे.

"एकदाच झालंय काकू," नवरा म्हणाला.

"मग दुसऱ्यांदा व्हायची वाट बघू का रे?"

त्या गेल्यावर तो म्हणाला, "तार घट्ट बांधली की झालं."

"आणि तरी निसटली तर?"

जास्त तापलं की आपोआप बंद होईल अशी सोय केल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही, असं मी सांगून टाकलं. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी नळीच्या जाड भिंतीत भोक पाडून तारेचं टोक आत आट्यांनी बसवलं. शिवाय प्रत्येक हीटरला कंट्रोलरशी संबंध नसलेला वेगळा स्विच दिला. ठरलेल्या मर्यादेपेक्षा नळी तापली की तो वीज तोडणार, आणि हाताने दाबल्याशिवाय परत जोडणार नाही. मग काकूंना बोलावलं. नळी रिकामी ठेवून मी मुद्दाम तार उपसली. कंट्रोलरवरचा आकडा खाली आला, हीटर तापत राहिला. नवरा माझ्याकडे बघत होता. मलाही धीर धरवत नव्हता. शेवटी टक् झालं आणि हीटरचा दिवा विझला.

"आपोआप?" काकूंनी विचारलं.

"हो."

"परत दाखव."

परत दाखवलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण आधी फोन करायचा. मी खिडक्या लावून घेईन."

आता चालू करण्याआधी मी फोन करते. कधी त्या 'आज नको गं' म्हणतात. त्या दिवशी आम्ही नुसते तुकडे कापत बसतो.